काका, तुमची बॅट

आमच्या घरात रॅकेट म्हणजे डास मारायची. ती निळी आहे, चार्ज करावी लागते आणि फ्रीजशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. संध्याकाळी आतून "अहो, रॅकेट कुठंय?" अशी हाक आली की मी तीच नेऊन देतो. माझ्याकडे दुसरी एक आहे. ३०० ग्रॅम वजनाची, १०० चौरस इंच तोंडाची, जिच्यासाठी मी तीन महिने पैसे बाजूला काढले. तिला घरात नाव नाही. तिला "तुमचं ते" म्हणतात. सोसायटीत मात्र तिला नाव आहे. सकाळी पावणेसहाला मी स्कूटर बाहेर काढत असलो की वॉचमनचा मुलगा हमखास आठवण करतो, "काका, तुमची बॅट राहिली."

चौदा वर्षं मी टेनिस खेळतो आहे. कसं, हा आजचा विषय नाही. या चौदा वर्षांत टेनिससाठी उपयोगी म्हणून जे जे मी विकत घेतलं, ते सगळं खरोखरच उपयोगी निघालं. माझी तक्रार एवढीच आहे.

पहिला संशय बॉलवरून आला. महाराष्ट्रात टेनिसचा बॉल हा क्रिकेटचा बॉल असतो. पेठेतल्या एका जुन्या दुकानात जाऊन मी "टेनिस बॉल आहेत का?" असं विचारलं, तर समोरून प्रश्न आला, "हेवी का लाइट?" हेवी म्हणजे मैदानावर पैज लावून खेळायचा, लाइट म्हणजे गल्लीत, शेजाऱ्यांच्या काचा सांभाळून खेळायचा. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी "मीडियम" म्हणालो. काउंटरवर एक मरून रंगाचा बॉल आला. मी पिवळा मागितला. पिवळा आला, पण हेवी. शेवटी मी सांगून टाकलं की मला टेनिसच्या बॉलने टेनिस खेळायचं आहे. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेल्या खुंटांना केळी कधी धरतील, असं विचारणाऱ्याकडे भटजी जसे बघतील तसं दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "लॉन टेनिस होय! मग तसं सांगा ना."

लॉनशी माझा संबंध नाही. पुण्यात लॉन म्हणजे जिथे लग्नं लागतात. मी खेळतो ते कोर्ट मातीचं आहे. पहाटे त्यावर पाणी मारतात, रोलर फिरवतात आणि चुन्याच्या रेषा ओढतात. रेषा ओढणारा माणूस कधी घाईत असतो, कधी नसतो. त्यामुळे आमच्या कोर्टाची रुंदी ऋतुमानाप्रमाणे बदलते.

तर बॉल. खरे टेनिसचे बॉल तीन-तीनच्या बंद डब्यात येतात. झाकणाखालचा पत्रा ओढला की ‘फुस्स’ असा आवाज येतो. या सगळ्या खेळात माझ्या हातून निर्दोषपणे होणारी ही एकच क्रिया. आवाज येतो कारण डब्यात हवा दाबून भरलेली असते. ती तशी असते कारण बॉलच्या पोटातही हवा दाबून भरलेली असते. बाहेरचा दाब गेला की रबरातून ती हळूहळू निसटायला लागते. म्हणजे बॉल विकत घेऊन डबा उघडला की त्याच क्षणी तो खराब होऊ लागतो, मग तुम्ही खेळा किंवा खेळू नका. दूधही याहून बरं. त्याला निदान फ्रीज चालतो.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बॉलचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असावं लागतं आणि २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. हे वाचल्यावर मी एका रविवारी दुपारी स्टुलावर चढलो, भिंतीला शिंप्याच्या टेपचे दोन तुकडे चिकटवले आणि घरातल्या अकरा बॉलची परीक्षा घेतली. सर्वांत चांगला १२१ पर्यंत आला. नववा बॉल चालू असताना खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनीही मला काही गोष्टी सांगितल्या.

मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात. आमच्या चौघांत बॉल कधी बदलायचे ते डॉक्टर ठरवतात. डॉक्टर डबा आणत नाहीत. ते नाडी बघितल्यासारखा बॉल दाबतात आणि "गेला" म्हणतात. मग मी नवा डबा उघडतो.

गेलेला बॉल जातो कुठे, हे मी पुढे नोंदवून ठेवलं. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी खुर्च्यांचे पाय फरशीवर खरखर वाजायचे. आता सहा खुर्च्यांच्या चोवीस पायांत माझे चोवीस बॉल बसवले आहेत आणि वार्षिक सभेत सेक्रेटरींनी त्याबद्दल स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. आईच्या वॉकरला दोन आहेत. सासूबाई एक पाठीमागे धरून भिंतीला टेकतात आणि वरखाली होतात. त्यांची कंबर पुष्कळ सुधारली. दोन बॉल वॉशिंग मशीनमध्ये दुलईबरोबर फिरतात, त्याने कापूस गोळा होत नाही म्हणे. उरलेल्यांवर खालची मुलं डोळा ठेवून असतात. पिंडाभोवती कावळे जमावेत तशी ती दर रविवारी स्कूटरभोवती जमतात आणि विचारतात, "काका, मेला का एखादा?" डबासुद्धा फुकट जात नाही. त्यात उदबत्त्या उभ्या मावतात. देवघरात असे तीन आहेत. आरतीच्या वेळी माझं लक्ष विचलित होतं.

बॉलनंतर गटिंग. रॅकेटची जाळी विणण्याला आपल्याकडे गटिंग म्हणतात, आणि हा शब्द अगदी खरा आहे, कारण गट म्हणजे आतडं. ल्योंच्या बाबोला घराण्याने १८७५ साली टेनिससाठी पहिली तार केली ती जनावरांच्या आतड्याची. आजही ‘नॅचरल गट’ म्हणून जी सर्वांत महाग आणि हाताला सर्वांत मऊ तार मिळते ती गायीच्या आतड्यापासून करतात. ही माहिती मी आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्यांना द्यायला नको होती. ते चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात. त्यांनी गटिंगवाल्याकडे जाऊन "शाकाहारी काय आहे?" अशी चौकशी केली. गटिंगवाल्याने पॉलिएस्टर सुचवलं. पॉलिएस्टरचा महिमा मोठा आहे. जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो क्युर्तन १९९७ साली फ्रेंच ओपन जिंकला तो लक्झिलॉनची पॉलिएस्टरची तार लावून, आणि मग सगळं जग त्या तारेच्या मागे लागलं. चेंडूला तिने फिरकी बसते. फक्त ही बेल्जियमची कंपनी त्याआधी अंतर्वस्त्रांसाठीचे धागे बनवत असे. तेही मी बँकवाल्यांना सांगून बसलो. त्यांनी दोन दिवस विचार केला. हल्ली ते नायलॉन लावतात आणि माझ्याशी फक्त स्कोअरपुरतं बोलतात.

गटिंगवाला "किती पौंड?" असं विचारतो. हा ताणाचा प्रश्न आहे. मी पन्नास म्हणू लागलो होतो, पण दुकानात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा होता आणि तो नुकताच पंचावन्न म्हणाला होता, म्हणून मी बावन्न म्हणालो. तेव्हापासून बावन्न. कुणी कारण विचारलंच तर मी "कंट्रोल" असं उत्तर देतो.

खेळ सुरू झाल्यावर पुढची शंभर वर्षं रॅकेट कशी असावी याला नियमच नव्हता. १८७७ साली पहिली विम्बल्डन झाली आणि नियम आला १९७८ साली. तोही का आला, तर एका जर्मन माणसाने जाळीचे दोन थर करून मध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या वगैरे घालून एक प्रकार तयार केला होता, ज्याला लोक ‘स्पॅगेटी’ रॅकेट म्हणत. १९७७ च्या शरदात एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या फायनलमध्ये इली नास्तासे ती घेऊन उतरला. समोर गिलेर्मो व्हिलास होता, जो त्या वर्षी सलग चाळीसच्या वर मॅचेस जिंकून आला होता. चेंडू कुठून कुठे उडतोय हे न कळून दोन सेट गमावल्यावर व्हिलास कोर्ट सोडून निघून गेला. समोरच्याच्या रॅकेटवर राग धरून निघून जाण्याची सोय तेव्हापासून नियमाने बंद झाली. मला स्वतःच्याच रॅकेटवर राग धरावा लागतो.

त्या बाबतीत माझा आदर्श हॉवर्ड हेड. स्कीइंगच्या पट्ट्या करून श्रीमंत झालेला हा अमेरिकन माणूस निवृत्तीनंतर टेनिस शिकू लागला आणि त्याला टेनिस येईना. त्याने चेंडू फेकणारं यंत्र घेतलं. तरी येईना. मग त्याने यंत्रात दोष काढला आणि यंत्र सुधारलं. तरीही येईना. मग त्याने रॅकेटमध्ये दोष काढला, तिचं तोंड जवळजवळ दीडपट मोठं केलं आणि १९७६ साली पेटंट मिळवलं. आधी लोक हसले, मग सगळ्यांनी तेच केलं. आज मी जी रॅकेट वापरतो ती त्याच्याच कुळातली. न येण्याचं खापर वस्तूवर फोडणं आणि मग ते सिद्ध करणं, असे त्याच्या पराक्रमाचे दोन भाग होते. पहिल्या भागात मी त्याच्या बरोबरीने आहे.

रॅकेटबरोबर बॅग येते. माझी सहा रॅकेटची आहे, कारण तीन रॅकेटची घ्यायला गेलो तेव्हा सहाची सवलतीत होती. तिच्यात एक रॅकेट, एक केळं, छत्री, जुना पंचा आणि गेल्या वर्षीचं लाइट बिल असतं. ती पाठीला लावून सिग्नलला थांबलो की शेजारचा हमखास विचारतो, "गिटार का?" मी सुरुवातीला खुलासा करत असे. आता "हो" म्हणतो. एकाने नंबर मागितला, मुलीच्या संगीतात बोलवायला.

सहा रॅकेट लागतातच कशाला, असं बायको विचारते. मी तिला गोरान इव्हानिसेव्हिचची गोष्ट सांगितली. २००० साली ब्रायटनच्या स्पर्धेत त्याने रागाच्या भरात एकामागून एक जवळच्या सगळ्या रॅकेट आपटून मोडल्या. खेळायला काही उरलंच नाही म्हणून त्याला मॅच सोडावी लागली. पुढच्याच वर्षी हाच माणूस क्रमवारीत १२५ वा असताना वाइल्ड कार्डवर विम्बल्डनमध्ये शिरला आणि जिंकला. ती म्हणाली, "मग तुम्ही आधी एक तरी मोडून दाखवा."

डॅम्पनर ही वस्तू मात्र मी दोन ओळींत संपवतो. जाळीच्या खालच्या टोकाला बसवायचं हे बोटभर रबर हाताला बसणारे हादरे थांबवत नाही, फक्त आवाज बदलतं. मी अशी नऊ हरवली. आंद्रे आगासी साधा रबर बँड गुंडाळत असे हे कळल्यापासून मी मेथीच्या जुडीचा लावतो.

हादऱ्यांवरून कोपर आठवलं. गेल्या दिवाळीनंतर माझं उजवं कोपर दुखू लागलं. खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमान वाटला. चौदा वर्षांनी का होईना, टेनिसने माझी दखल घेतली होती. तपासणीला गेलो तर बाहेर बाकावर सात जण, सगळे टेनिस एल्बोचे. एक रंगारी, एक सुतार, दोन घरकाम करणाऱ्या बायका, एक शिंपी, एक रिक्षावाला आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. रॅकेट कुणीच कधी धरलेली नाही. हे दुखणं होणाऱ्यांतले बहुतेक लोक असेच असतात असं नंतर कळलं; कपडे पिळा, स्क्रू पिळा, कोपराला फरक कळत नाही. या देशातला सर्वांत गाजलेला टेनिस एल्बो तर सचिन तेंडुलकरचा, २००४ सालचा. तेव्हा खेड्यापाड्यांतही लोक टेनिस एल्बोवर अधिकाराने बोलत, टेनिसवर नाही. माझी पाळी आल्यावर तपासणाऱ्या बाईंनी "काय करता?" विचारलं. मी "टेनिस" म्हणालो. त्यांनी माझा हात दाबला, वळवला, मी ऑफिसात कसा बसतो ते विचारलं आणि लिहून दिलं की हे कॉम्प्युटरच्या माऊसमुळे आहे.

त्यासाठी घेतलेला पट्टा आता बायको वापरते. तिला टेनिस एल्बो खरा आहे. पोळ्या लाटून झाला.

पुस्तकांबद्दल माझ्या अपेक्षा जास्त होत्या. पुस्तकाची हवा जात नाही. पण आपल्या दुकानांत खेळाचं कपाट म्हणजे क्रिकेटचं कपाट, त्याच्या खाली योगासनं. टिमथी गॅल्वीचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ मला व्यवस्थापनाच्या कपाटात सापडलं. १९७४ साली एका टेनिस शिकवणाऱ्याने टेनिसवर लिहिलेलं हे पुस्तक टेनिसवाल्यांइतकंच कंपन्यांतले लोक वाचतात. माझ्या भाच्याला ते हिंजवडीत ट्रेनिंगमध्ये मिळालं आणि त्याला पुढे बढती मिळाली. गॅल्वीचं म्हणणं असं की आपल्यात दोघं असतात, एक सतत सूचना देणारा आणि एक मुकाट्याने खेळणारा. पहिल्याला गप्प केलं की दुसरा नीट खेळतो. माझ्यातला पहिला माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांच्या आवाजात बोलतो. तो गप्प बसला की मला कळतं, दुसरा त्या दिवशी आलेलाच नाही. मन रिकामं व्हावं म्हणून चेंडूच्या शिवणीकडे बघा, असा त्यात उपाय आहे. मी बघितलं. शिवण फार स्पष्ट दिसली. ती माझ्या डावीकडून मागे गेली.

ब्रॅड गिल्बर्टचं ‘विनिंग अग्ली’ हे त्याहून व्यवहारी. फार देखणा खेळ नसताना हा माणूस जगात चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, तो समोरच्याच्या उणिवा हेरून. मॅचला निघाल्यापासूनच विचार सुरू करा, असं तो सांगतो. मी कर्वे रस्त्यावर स्कूटरवर विचार सुरू केला. नळ स्टॉपच्या चौकापर्यंत मला बँकवाल्यांच्या तीन उणिवा आठवल्या. कोर्टवर गेल्यावर दिसलं की त्यांना माझ्या पहिल्यापासून पाठ आहेत. पुस्तक न वाचता.

जॉन मॅकफीचं ‘लेव्हल्स ऑफ द गेम’ हे माझं आवडतं. १९६८ सालच्या अमेरिकन स्पर्धेतली आर्थर अ‍ॅश आणि क्लार्क ग्रेबनर यांची एक सेमीफायनल, तेवढ्यावर अख्खं पुस्तक, आणि तरी जाड नाही. एका बैठकीत वाचून होतं. आमच्या चौघांतल्या वकीलसाहेबांनी ते २०१६ च्या गणपतीत वाचायला नेलं. विचारलं की "वाचतोय" म्हणतात. ते वाचायला बसल्यानंतर फेडररने आणखी तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या आणि निवृत्तीही घेतली.

आगासीचं ‘ओपन’ मी विकत आणलं आणि बायकोने आधी घेतलं. दोन दिवस आमच्याकडे पिठलं-भातच होता. टेनिसवरचं तिने वाचलेलं हे एकमेव पुस्तक. त्यात आगासी स्वच्छ सांगतो की त्याला टेनिसचा तिटकारा होता. वडिलांनी खेळायला लावलं म्हणून तो खेळला. १९९० च्या फ्रेंच ओपन फायनलला त्याने डोक्यावर टोप घातला होता आणि तो आदल्या रात्री मोडला होता, म्हणून जिंकू दे असं न म्हणता टोप पडू नये अशी तो प्रार्थना करत होता. टोप राहिला, मॅच गेली. पुस्तक मिटून ती मला म्हणाली, "त्याला नको होतं, तर आठ ग्रँड स्लॅम. तुम्हाला एवढं हवंय." पुढे काही बोलली नाही.

भेटवस्तूंविषयी थोडक्यात. आपण टेनिस खेळतो हे नातेवाइकांना कळू देऊ नये. माझ्याकडे टेनिस बॉलच्या किल्ल्यांच्या साखळ्या चार, चहाचे मग दोन, आणि रॅकेटची नक्षी असलेला टाय एक आहे. बालेवाडीहून आणलेली एक टोपी आहे. २०१८ साली चेन्नईहून आपल्याकडे, बालेवाडीलाच, एटीपीची स्पर्धा आली तेव्हा पुण्यात टेनिस आता रुजणार असं सगळे म्हणाले. २०२३ नंतर ती हाँगकाँगला गेली. टोपी आहे. त्याच २०२३ साली श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. मी सोसायटीत पेढे वाटले. सेक्रेटरींनी दोन घेतले आणि विचारलं, "टेबल टेनिस ना?"

परवा रात्री वीज गेली. पावसाचे दिवस, कोर्ट बंद, डास भरपूर. निळी रॅकेट चार्ज केलेली नव्हती. अंधारात कपाट उघडल्याचा आवाज आला, बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि मग एक लांब, मोकळा, संपूर्ण स्विंग ऐकू आला. असा माझ्या हातून चौदा वर्षांत निघाला नव्हता. त्यापाठोपाठ डासाची गुणगुण, होती तशीच.

"जाळीतून निघून गेला," बायको म्हणाली. "याला किती पौंड म्हणाला होतात?"

"बावन्न."

"वाढवा मग."